बगीराच्या हनुवटीखालचा डाग

"मावशीआजी, बगीराच्या हनुवटीखाली केस का नसतात, सांग बरं?"

थंडीचे दिवस, चंदिगढचं धुकं, बाहेर दुपारी तीन वाजताही दिवे लावलेले, आणि आम्ही दोघी एका रजईत. मी आणि माझ्या भाचीची नऊ वर्षांची लेक. समोर गूळ-शेंगदाण्याची गजक. प्रश्न ऐकून मी चांगलीच अडखळले. बगीरा म्हणजे मोगलीचा तो काळा कुळकुळीत बिबट्या, हे मला ठाऊक. गेली तीस-बत्तीस वर्षं ठाऊक. पण त्याच्या हनुवटीखाली केस नसतात? मी म्हटलं, "म्हातारा झाला असेल गं."

"छे! तुला माहीतच नाही!" असं म्हणून तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं. तिचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली होऊन ही मंडळी चंदिगढला आली, तेव्हा ही जेमतेम दोन वर्षांची होती. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि भांडताना अस्सल पंजाबी! वाचनाचं वेड मात्र आईकडून आलेलं. 'जंगल बुक' तिने मुलांसाठी छोटं केलेलं नव्हे, तर मूळचं, पूर्ण वाचायला घेतलं होतं. आणि तिथे मला एक गोष्ट कळली, जी मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितली नव्हती.

बगीरा जंगलात जन्मलेलाच नव्हता.

तो जन्मला उदयपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात. त्याची आई तिथेच मेली. जंगल म्हणजे काय, ते त्याने पाहिलेलं नव्हतं. गजांच्या आडून लोखंडी भांड्यात घातलेलं खायचं, एवढंच त्याचं आयुष्य. एका रात्री त्याला उमगलं की आपण कुणाचं खेळणं नाही. पंजाच्या एका फटक्यात त्याने कुलूप तोडलं आणि तो निघून गेला. हनुवटीखालचा तो केस गेलेला डाग गळ्यातल्या पट्ट्याचा. जंगलात हे गुपित कुणालाच माहीत नाही, तो ते फक्त मोगलीला सांगतो. आणि माणसांच्या रीती त्याला ठाऊक आहेत, म्हणूनच जंगलात त्याचा धाक शेरखानपेक्षाही जास्त आहे.

मी पुस्तक खाली ठेवलं आणि मनात म्हटलं, अरेच्चा, हा तर वेगळाच बगीरा निघाला!

तुमच्यापैकी अनेकांना मोगली भेटला तो माझ्यासारखाच, दूरदर्शनवर. ती मूळची जपानी कार्टून मालिका. १९९३च्या सुमारास ती हिंदीत आली आणि रविवारी सकाळी घराघरांतली आंघोळ-पाणी लांबणीवर पडू लागली. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज! नानांच्या त्या आवाजाने माझा धाकटा पोरगा दाराआड लपायचा आणि तिथून फटीतून बघायचा. पुढे २०१६ साली हॉलिवूडचा 'जंगल बुक' हिंदीत आला, तेव्हाही शेरखान नानाच होते. आणि बगीरा कोण, ठाऊक आहे? ओम पुरी. ओम पुरींचा जन्म अंबाल्याचा. चंदिगढहून अंबाला म्हणजे मोटारीने तासाभराचा रस्ता. "म्हणजे बगीरा आपल्या इकडचाच आहे," असं आमच्या या नातीचं ठाम मत.

पण १९६७ साली डिस्नेने काढलेल्या त्या गाजलेल्या कार्टूनपटात हा डाग नाही, पिंजरा नाही, राजवाडाही नाही. तिथला बगीरा शिस्तीच्या मास्तरांसारखा सतत काळजी करणारा. मुलांसाठी छोट्या केलेल्या पुस्तकांतूनही ही पिंजऱ्याची गोष्ट बऱ्याचदा गळते. जागा वाचवायची तर काहीतरी काढायला लागतंच, हे मान्य. पण नेमकं हेच का काढावं?

कारण या गोष्टीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या काढल्या तर बगीरा नुसता एक गोड काळा प्राणी उरतो. एक हा डाग. आणि दुसरी म्हणजे त्याने मोगलीसाठी मोजलेली किंमत. लांडग्यांच्या सभेत माणसाचं पोर ठेवायचं की शेरखानला द्यायचं, असा वाद होतो. बगीराला त्या सभेत बोलण्याचा अधिकार नसतो. तो म्हणतो, मी नुकताच मारलेला एक लठ्ठ बैल तुम्हाला देतो, पोराला ठेवून घ्या. असा मोगली एका बैलाच्या मोलाने विकत घेतलेला. म्हणून पुढे त्याला सक्त ताकीद असते की गाईगुरांना हात लावायचा नाही, लहान असो वा मोठं. आणि मग बगीरा त्याला जंगलात लपवलेली एक पेटी दाखवतो. वरून दार पडणारी, झाडोऱ्यात अशी बेमालूम लपवलेली की मोगली तिच्यात शिरणारच होता. बगीरा सांगतो, हा सापळा आहे, माणसांनी लावलेला.

वरून दार पडणारी पेटी! ही ओळ मी पोरीच्या शेजारी बसून वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा ऊस आला. पण ते पुढे सांगते.

आधी नावाचा गोंधळ निस्तरायला हवा. 'पँथर' नावाचा कुणी वेगळा प्राणी नाही. आपला बिबट्या तोच पँथर, तोच लेपर्ड. काळा बिबट्या ही निराळी जात नव्हे. आई-बाप दोघांकडून काळ्या रंगाचा गुण आला की पिल्लू काळं होतं. दोघेही ठिपक्यांचे असून पोटी काळं पिल्लू येऊ शकतं आणि त्याची सख्खी भावंडं ठिपक्यांची असू शकतात. तिरप्या उन्हात पाहिलं तर त्या काळ्यावरही ठिपके उमटतात, आणि किपलिंगने तेही नेमकं टिपलंय. आपल्याकडे ताडोबात २०१८ साली काळा बिबट्या दिसला तेव्हा केवढी खळबळ झाली होती! नागपूरला लागून असलेल्या पेंचच्या जंगलातही तो अलीकडे दिसला. आणि गंमत म्हणजे मोगलीचं जंगल तेच, सिवनीचं. किपलिंगने मात्र त्या जंगलात कधी पाऊल ठेवलं नव्हतं असं त्याच्या चरित्रकारांचं म्हणणं आहे. दुसऱ्यांची पुस्तकं वाचून आणि ऐकीव माहितीवर त्याने ते उभं केलं, तेही अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून!

नाव मात्र अस्सल इथलं. राजस्थानात बिबट्याला आजही 'बघेरा' म्हणतात. उदयपूरच्या पिंजऱ्यातल्या जनावराला हे नाव किती शोभतं, पाहा. चंदिगढला रस्त्यावर विचाराल तर तेंदुआ म्हणतील, नाहीतर सरळ चीता म्हणतील. चीता हा अगदीच वेगळा प्राणी, पण कोण ऐकतं? रशियन भाषेत तर कहरच झाला. तिथे भाषांतरात बगीरा बाई झाली, आणि सोव्हिएत कार्टूनमध्येही ती चक्क मोगलीची मावशी शोभावी अशी आहे. आणि आपल्याकडे कोकणापासून जुन्नरपर्यंत म्हातारी माणसं बिबट्याला सरळ 'वाघ' म्हणतात. पट्ट्यांचा तो ढाण्या वाघ. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन भोपळ्यात बसून परतणारी आपली म्हातारी आठवते ना? तिला वाटेत भेटणारा वाघ पट्ट्यांचा की ठिपक्यांचा, हे गोष्ट सांगत नाही. सांगणाऱ्या आजीच्या अंगणापर्यंत येणारा मात्र बहुधा ठिपक्यांचाच असणार.

दुसऱ्या दिवशी धुकं जरा निवळलं तेव्हा भाची आम्हाला सेक्टर दहामधल्या संग्रहालयात घेऊन गेली. ल कॉर्बूझिएने आखलेली ही इमारत, १९६८ साली उघडलेली. आत गांधार शैलीतली बुद्धाची शिल्पं, काळसर करड्या दगडातली. चुण्या पडलेली वस्त्रं अशी कोरलेली की हात लावून बघावंसं वाटतं. (लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे.) पोरगी दहा मिनिटांत कंटाळली. तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, "ही शिल्पं मूळची कुठली माहीत आहे? लाहोरच्या संग्रहालयातली. आणि लाहोरच्या त्या संग्रहालयाचे प्रमुख एके काळी कोण होते? बगीरा ज्याने लिहिला, त्याचे बाबा!"

हे मात्र खरं आहे. जॉन लॉकवूड किपलिंग हे आधी आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला होते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या दारावरची कोरीव शिल्पं त्यांच्या आखणीची. पिशवी घेऊन भाजीला जाताना मान वर करून पाहा एकदा. रडयार्डचा जन्म मुंबईतलाच, ३० डिसेंबर १८६५चा. १८७५ साली वडील लाहोरला गेले आणि १८९३पर्यंत तिथे कलाशाळा आणि संग्रहालय दोन्ही सांभाळलं. मुलाने पुढे 'किम' कादंबरीची सुरुवात त्याच संग्रहालयाच्या दारात केली. १८९४ साली 'जंगल बुक' निघालं, तेव्हा त्यातली काही चित्रंही या वडिलांनीच काढलेली होती. फाळणीनंतर, १० एप्रिल १९४८ रोजी लाहोरच्या संग्रहाची वाटणी ठरली. साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. तो आपला वाटा अनेक गावं फिरत शेवटी चंदिगढला येऊन विसावला.

किपलिंगच्या साहेबी मतांविषयी मला काडीचं प्रेम नाही. गोऱ्यांनी जगावर राज्य करावं असं मानणारा तो माणूस. पण पिंजऱ्यातल्या जनावराच्या गळ्यावरचा डाग त्याला दिसला, हेही खरं. माणूस हा असा गुंतागुंतीचा असतो. नऊ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही. मी सांगितलंही नाही.

संग्रहालयातून परतताना गाडी सुखना तलावाच्या बाजूने आली. तलावामागे शिवालिकच्या टेकड्या आणि अभयारण्य. १९९८ साली घोषित झालेलं, सुमारे २६ चौरस किलोमीटरचं. तिथे बिबटे आहेत. मार्च २०२०च्या अखेरीस, देशभर टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा होत होता, तेव्हा त्यांतला एक सेक्टर पाचमध्ये आला. सेक्टर पाच म्हणजे मोठमोठ्या बंगल्यांचा भाग. रस्ते ओस, माणसं घरांत कोंडलेली आणि बिबट्या बाहेर मोकळा! अखेर वनखात्याच्या लोकांनी भुलीचं इंजेक्शन मारून त्याला पकडलं.

"मावशी, तेव्हा ही तीन वर्षांची होती," भाची गाडी चालवता चालवता म्हणाली. "आम्ही राहतो सेक्टर सातला. दोन दिवस मी गच्चीवर कपडेसुद्धा वाळत घातले नाहीत."

मागच्या सीटवरून आवाज आला, "त्याला भूक लागली असेल. नाहीतर तो वाट चुकला असेल."

"अगं, पण तो बगीरा नव्हता, बाळा," भाची म्हणाली. तिच्या आवाजात नुसती चेष्टा नव्हती. त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि खरं म्हणजे मी चंदिगढला आले होते तीही थोडी त्यासाठीच.

आमचं माहेर जुन्नर तालुक्यातलं, ओतूरच्या अलीकडचं. म्हणजे माझं आणि भाचीच्या आईचं. माझा भाऊ अजून तिथे शेती करतो. ऊस, कांदा, दोन म्हशी. दर मे महिन्यात ही पोरगी तिकडे जाते. मामाआजोबांच्या खळ्यात हुंदडते, विहिरीवर पोहायला शिकते. या वर्षी मात्र भाचीने भावाला फोनवर सांगून टाकलं, "मामा, यंदा नाही पाठवत." भावाला लागलं. त्याने मला सांगितलं, "ताई, तू जरा जाऊन समजाव."

समजवायचं काय? २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. भाचीने ते सगळं मोबाइलवर पाहिलं. चंदिगढमध्ये बसून तिला झोप लागेना. भावाच्या वस्तीवरून गेल्याच पावसाळ्यात एक शेळी गेली. हे तो तिला बोलला नव्हता, मला बोलला होता. आता मी कुणाची बाजू घेऊ?

ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहायला आला. बारा महिने पाणी, दाट आडोसा, गावात कुत्री, डुकरं, शेळ्या. मादीची पिल्लं तिथेच जन्मतात, तिथेच मोठी होतात. त्यांनी जंगल पाहिलेलंच नसतं, बगीरासारखं! अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. तेही जिथे जंगल नावाला नाही अशा मुलखात. यातले बहुतेक माणसाला टाळून, रात्रीचे हिंडून आपलं पोट भरतात. जुन्नर भागात २००१ ते २००३च्या दरम्यान हल्ले फार वाढले होते. तेव्हा आधीच्या वर्षांत पिंजरे लावून बिबटे धरून दुसरीकडे सोडण्याचा जो सपाटा चालला होता, त्याने हल्ले कमी न होता उलट वाढले, असं त्यांच्या संशोधनातून पुढे आलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. धरलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. तिथे पिंजऱ्यांच्या रांगा आहेत. मी एकदा गेले होते, पुन्हा जाववलं नाही.

आणि तो 'आजोबा' आठवतो? २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला बिबट्या. बाहेर काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटाकडे सोडलं. महाशय चालत चालत सुमारे १२० किलोमीटर तोडून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले! वाटेत कुणालाही इजा नाही. पुढे २०१४ साली त्याच्यावर सुजय डहाके यांचा मराठी चित्रपट आला, उर्मिला मातोंडकरचा. गळ्यात पट्टा घालून आमच्या डोंगरांतून निघालेला तो म्हातारा बिबट्या मला त्या संध्याकाळी बगीराच्या शेजारी बसलेला दिसायला लागला. एकाचा पट्टा राजाच्या हौसेचा, दुसऱ्याचा शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा. डाग पडायचा तो पडतोच.

मुलांना याबद्दल काय वाचायला द्यावं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या लहानपणी वाघ एक तर मूर्ख असायचा, नाहीतर दुष्ट. शेवटी फजिती ठरलेली. मराठीत बिबट्यावरचं मला सर्वांत आवडलेलं पुस्तक म्हणजे विलास मनोहर यांचं 'नेगल'. हेमलकशाला प्रकाश आमट्यांच्या प्रकल्पात माणसांमध्ये वाढलेल्या बिबट्याची ही खरी गोष्ट. मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण माझ्या मुलांनी ती फाटेपर्यंत वाचली. त्यात प्रेम पुष्कळ आहे, आणि जनावराचे दात जनावराचेच असतात ही जाणीवही आहे.

चंदिगढला आल्यावर मात्र दुसऱ्या एका लेखकाची आठवण होणं साहजिक होतं. रस्किन बाँड. त्यांचा जन्म १९३४चा, कसौलीचा. चंदिगढहून दोन तासांत पोचतो आपण कसौलीला. त्यांच्या गोष्टींतून बिबट्या सारखा डोकावतो. 'पँथर्स मून' ही त्यांची छोटी कादंबरी गढवालातल्या बिस्नू नावाच्या मुलाची. शाळा मैलोन्‌मैल दूर, वाट जंगलातून, सोबतीला कुत्रा शेरू. आणि पंचक्रोशीत नरभक्षक बिबट्या. म्हणजे शाळेत जायचं की नाही, हाच रोजचा प्रश्न. भाचीने सेक्टर सतराच्या दुकानातून ती आणली आणि आम्ही दोघींनी मिळून पोरीला दोन रात्रींत वाचून दाखवली. मला भावलं ते हे की त्यात बिबट्याला राक्षस केलेलं नाही आणि मित्रही केलेलं नाही. भीती खरी आहे, पण भीतीपायी बिस्नूची आई सगळं सोडून बसत नाही. शेत आहे, गुरं आहेत, शाळा आहे.

बाँडची दुसरी एक गोष्ट मात्र मी वाचायला घेतली आणि मध्येच थांबले. लेखकाला ओढ्यापाशी बिबट्या दिसत राहतो. हा आपल्याला काही करत नाही, हे बिबट्याला कळतं. त्याची माणसाविषयीची भीती कमी होते. आणि मग शिकारी येतात. त्यांनाही तो तितकाच भरवशाचा समजतो. पोरीने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "पुढची पानं उद्या." दुसऱ्या दिवशी तिने ती स्वतःच वाचली. जेवताना कुणाशी बोलली नाही. कढी-चावल तसेच राहिले.

तिचे बाबा मला म्हणाले, "मावशी, तुम्ही तिला असं रडवणारं का वाचायला देता? तिला बगीराच बरा."

मी गप्प राहिले. जावयापुढे वाद कशाला! पण मनात आलं, बगीराच तर हेच सांगत होता. तो मोगलीवर माया करतो आणि शेवटी त्याला माणसांत परत जायला सांगतो. मोगलीच्या डोळ्याला तो स्वतः डोळा देऊ शकत नाही. गुरांना हात लावू नकोस, सापळा ओळखायला शीक, असं शिकवतो. ही काही गोडगोड दोस्ती नव्हे. दोघांनाही आपापली हद्द ठाऊक असलेली ही ओळख आहे. आमच्याकडे वारली लोक वाघोबाचा दगड पुजतात, नारळ वाढवतात, आणि रात्री अंगणात पोराला एकटं सोडत नाहीत. दोन्ही एकदमच.

निघायच्या आदल्या रात्री मी भावाला फोन लावला आणि मोबाइल पोरीच्या हाती दिला.

"मामाआजोबा, तुमच्याकडे पिंजरा आहे का? वरून दार पडणारा?"

"आहे की. वनखात्यानं लावलाय, उसाच्या कडेला. आत शेळी बांधतात."

"शेळीला भीती नाही वाटत?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. माझा भाऊ तसा बोलका. "मधे जाळी असते, बाळा," तो म्हणाला. "पण वाटत असेल. रात्री ओरडते."

"बिबट्या अडकला तर त्याला कुठे नेणार?"

"ते साहेब लोक ठरवतात. ऐक, तू आलीस तर काय करायचं ते आत्ताच सांगतो. दिवस कलला की घरात यायचं. परसाकडं, गोठ्यात, कुठं जायचं तर मोठं माणूस बरोबर. खाली वाकून बसून खेळायचं नाही उसाजवळ. वाकलेलं पोर त्याला जनावरासारखं दिसतं. मोबाइलवर गाणी लावायची मोठ्यानं. अंगणात आता दिवे लावलेत, गोठ्याला जाळी मारलीये. कबूल?"

"कबूल. आणि आजोबा, तो दिसला तर त्याच्या हनुवटीखाली बघाल?"

भाऊ हसला. "लांबून बघतो," म्हणाला.

पोरगी फोन देऊन झोपायला गेली. भाची ओट्याशी उभी होती, सगळं ऐकत. तिने मोबाइल घेतला आणि मामाला फक्त एवढंच विचारलं, "गोठ्याला जाळी कधी मारलीत? शेळी गेल्यावर?"

मग दोघं बराच वेळ बोलत होती. मी बॅग भरायला घेतली. सकाळी निघताना कॅलेंडरवर पाहिलं, तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याभोवती पेन्सिलने गोल केलेला होता. पेन्सिलनेच. तिकिटं काही अजून काढलेली नाहीत.